कियॉस्क नको, आधी कॉम्प्युटरवरचं प्लास्टिक काढा : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळातले सगळे सदस्य,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेची नोटीस बोर्डावर लागलीये ती वाचली. त्यात एक विषय आहे, 'वाचनालयाचे डिजिटायझेशन करणेबाबत विचारविनिमय करणे'. जरा चौकशी केली तर कळलं की त्यात दारात टचस्क्रीनचा कियॉस्क, दर्शनी भागात एलईडी स्क्रीन आणि वाचनालयाचं स्वतःचं ॲप असं सगळं आहे आणि कोटेशनसुद्धा येऊन पडलंय, म्हणजे विचार झालेला आहे आता फक्त विनिमय बाकी आहे. मी साधी वर्गणी भरणारी सभासद, आमच्यासारख्यांना सभेत बोलायला मिळतात दोन मिनिटं आणि त्यातलं एक 'हॅलो हॅलो माइक चेक' मध्ये जातं, म्हणून आधीच लिहून टाकते. राग मानू नका, आणि मानलात तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं एकच आहे. नवीन काही घेऊ नका. जो कॉम्प्युटर आपल्याकडे आहे तो लोकांसाठी उघडा आणि त्याच्या शेजारी रोज संध्याकाळी दोन तास एक माणूस बसवा. बास.

आता तो कॉम्प्युटर. मासिकांच्या रॅकच्या मागे टेबलावर आहे, त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ, धुळीवर कुणीतरी बोटाने काढलेला बदाम. प्रिंटर शेजारी आहे, त्याच्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा. वर्षातनं एकदा अहवाल टाइप करायला आणि अनुदानाचे कागद पाठवायला तो चालू होतो आणि खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळतो. वाचकाने हात लावायचा नाही असा नियम लिहिलेला नाहीये कुठे, पण विचारून बघा, 'बिघडेल' असं उत्तर मिळतं. ग्रंथपाल ताईंचा यात काडीचा दोष नाही, आहे त्या पगारात त्या एकट्या देवघेव बघतात, झाडू मारतात, दाखल रजिस्टर लिहितात, वर परत कॉम्प्युटर बिघडला तर जबाबदारी त्यांचीच, मग कोण कशाला कव्हर काढेल?

तिकडे तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत काय चालतं ते बघितलंय का तुम्ही कधी उभं राहून? मी बघितलंय. लाडक्या बहिणीची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या दोघीतिघींबरोबर गेले होते. भिंतीवर एक मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात, खाली लिहिलेलं 'डॉक्युमेंट याच्यावर टाका'. म्हणजे प्रत्येक बाई आपलं आधार, नवऱ्याचं आधार, पासबुक सगळं त्या नंबरवर व्हॉट्सॲप करणार, दुकानदार ते व्हॉट्सॲप वेबवर उघडून डाउनलोड करणार, आणि ते डाउनलोडचं फोल्डर समोर स्क्रीनवर सगळ्यांना दिसतंय, कुणाचं पॅन, कुणाच्या पोराचा जातीचा दाखला, कुणाचा फोटो, शेकड्याने पडलेलं. आणि मग गर्दीच्या वरून आवाज, 'काकू ओटीपी आला का, मोठ्याने सांगा'. काकू मोठ्याने सांगतात. अख्ख्या दुकानाला सांगतात! त्यात आधी बाईच्या आधारचा ओटीपी आणि मग नवऱ्याच्या किंवा वडलांच्या आधारचा, नवरा शेतात, फोनला रेंज नाही, तोवर पहिला ओटीपी गेला. तो दुकानदार वाईट माणूस नाहीये हां, मला मुद्दाम सांगायचंय, त्याच्या मागे रांग आहे, त्याला एका माणसामागे पाच मिनिटं परवडत नाहीत, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या रांगेतल्या अर्ध्या बायकांकडे स्मार्टफोन होता आणि काम घरबसल्या होण्यासारखं होतं. नव्हतं ते फक्त शेजारी बसून 'इथे दाबा, आता थांबा, हा नंबर कुणाला सांगू नका' म्हणणारं कुणी.

मला वाटतं हे वाचनालयाचं काम आहे. आता मंडळातले काही जण म्हणणार की वाचनालय पुस्तकांसाठी असतं, सरकारी फॉर्म भरायला आपण काय सेतू उघडलाय का. बरोबर आहे, सेतू नाही उघडायचाय. पण महाराष्ट्रातली जुनी वाचनालयं बघा ना, रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८, ती ज्या काळात निघाली तेव्हा छापलेला कागद विकत घेणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून एका जागी आणून ठेवायचा आणि सगळ्यांनी वाचायचा. आज छापलेला कागद स्वस्त झालाय, फोनही हातात आलाय, पण पोर्टल वाचता येणं, त्यातलं काय खरं काय खोटं ते कळणं, हे अजून मोजक्यांनाच जमतं. दर १२ ऑगस्टला आपण भारतातल्या ग्रंथालयशास्त्राच्या जनकाच्या, रंगनाथन सरांच्या फोटोला हार घालतो आणि पाहुणे भाषणात त्यांच्या पाच सूत्रांतलं पाचवं म्हणतातच, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वर्धिष्णू म्हणजे एलईडी स्क्रीन नव्हे एवढंच माझं म्हणणं.

अकरावीच्या ॲडमिशनचंच घ्या. २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाली, आधी ती मोठ्या शहरांपुरती होती म्हणून आपल्याकडे कुणाला सवयच नव्हती. दहा कॉलेजं पसंतीक्रमाने टाकता येतात. आपल्या तालुक्यातल्या पोरांनी काय केलं, दुकानात गेले, दुकानदाराने यादीतली वरची कॉलेजं टाकून दिली, पोरगी राहते इथे आणि कॉलेज लागलं चाळीस किलोमीटरवर जिथे एसटी दिवसातनं दोनदा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पसंतीक्रम लावणं हे टायपिंगचं काम नाहीये हो, विचार करायचं काम आहे, त्याला शांत जागा लागते, टेबल लागतं, आईबापाला बसायला खुर्ची लागते. हे सगळं आपल्याकडे आहे. संध्याकाळी पाच ते सात वाचनालयात पेपर चाळणारे चार आजोबा आणि पंखा एवढंच असतं.

आणि मुलींचं बोलायचं तर स्टँडजवळच्या नेट कॅफेत संध्याकाळी मुलीला एकटीला पाठवायला किती आया तयार होतात ते स्वतःच्या घरात विचारा. वाचनालयात जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. या एका गोष्टीची किंमत तुमच्या कोटेशनमध्ये कुठे धरलीये?

आजोबांचंही सांगते. आपले निम्मे सभासद पेन्शनर आहेत. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. बँकेत रांग, अंगठा लागत नाही, वय झालं की बोटांच्या रेषाच उमटत नाहीत, मशीन म्हणतं मॅच नाही. आता जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेत चेहरा दाखवून दाखला देता येतो, साध्या अँड्रॉइड फोनवर होतं, दोन ॲप लागतात आणि उजेड बरा लागतो. आपल्या खिडकीजवळचा उजेड एकदम फर्स्ट क्लास आहे. एक आठवडा वाचनालयात ठेवा हे काम, मग बघा तुमच्या सभेला गर्दी कशी होते ते.

बरं माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न येणार. वरती अभ्यासिकेत बघा जरा. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरंपोरी सकाळपासून बसलेली असतात, त्यांनी स्वतःचे फॉर्म इतक्या वेळा भरलेत की डोळे मिटून सरकारी शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल उघडतील. त्यांच्यापैकी जी तयार असतील त्यांना आठवड्यातनं दोन संध्याकाळी खाली बसवा आणि त्यांची अभ्यासिकेची फी माफ करा. त्यांनाही बरं, घरून पैसे मागवायला कानकोंडं होतं त्यांना, आणि तुम्हालाही पगार द्यायला नको. फक्त त्यांना एक गोष्ट पक्की सांगायची, की कीबोर्डला हात वाचकानेच लावायचा. तुम्ही बाजूला बसा, सांगा, दाखवा, पण टाइप त्याने करायचं, ओटीपी त्याने वाचायचा आणि त्यानेच टाकायचा. हळू होईल. होऊ दे ना. घाई करायला ते दुकान आहेच की! मलाच माहितीये माझ्या सासूबाईंना स्वतःचा सातबारा मोबाइलवर काढता आला त्या दिवशी त्यांनी तो शेजारच्या तीन घरी नेऊन दाखवला. नुसता बघायचा तर फुकट दिसतो आणि डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये, हे कळल्यावर आधी दुकानात किती दिले होते त्याचा हिशोब त्या अजून करतात.

कॉम्प्युटर सगळ्यांसाठी उघडला की थोडी शिस्त लागेल, ती फार अवघड नाही. वाचकासाठी वेगळं लॉगिन करा, वाचनालयाच्या अकाउंटच्या फाइली त्यात दिसणारच नाहीत असं. ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून द्यायची म्हणजे पासवर्ड सेव्ह राहत नाहीत. उठताना लॉगआउट, डाउनलोड फोल्डर रिकामं, रिसायकल बिनही रिकामं, हे तीन शब्दांत लिहून मॉनिटरवर चिकटवा. कागद व्हॉट्सॲपवर मागवायचे नाहीत, पेनड्राइव्ह नाहीतर वाचकाने स्वतःच्या मेलवरून उघडायचे. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार काढायला शिकवा, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, अर्ध्या गावाला हे असतं हेच माहीत नाही. रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहा, कशासाठी आला ते लिहू नका, कुणाला कसला दाखला लागतोय ते गावभर व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. आणि भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरात १९३०. पैसे फसवणुकीने गेले की लगेच लावायचा नंबर आहे तो, जितक्या लवकर लावाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जायची शक्यता जास्त. चांगली शिकलेली माणसंसुद्धा 'तुमच्या पार्सलमध्ये ड्रग सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणणाऱ्या भामट्यांच्या व्हिडिओ कॉलसमोर तासनतास बसून राहतात. डिजिटल अरेस्ट नावाचा कायदाच नाहीये देशात, हे एकदा माइकवर सांगितलं तरी पुष्कळ.

आता ॲपबद्दल. मला खरंच कळत नाही ॲपमध्ये काय असणार. कोणतं पुस्तक आहे कोणतं नाही हे दिसणार म्हणे. पण ते दिसायला आधी पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर हवी ना? मागे केली होती ती यादी, मला आठवतंय, मोठा कार्यक्रम पण झाला होता, ती श्रीलिपीत टाइप केली आणि तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर होता तो भंगारात गेला. आता ती फाइल उघडली की 'ह्मìत' असलं काहीतरी दिसतं, मंत्र टाकल्यासारखं. म्हणून जे काही कराल ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसेल असं करा, ही एक गोष्ट सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आणि सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाहीये. कोहा नावाचं आहे, फुकट, जगभर चालतं, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हतं, नवीन महागडं घ्यायला परवडेना, म्हणून त्यांनी तिथल्याच कातिपो नावाच्या कंपनीकडून नवीन करून घेतलं, जानेवारी २००० मध्ये सुरू केलं आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एनआयसीचंही ई-ग्रंथालय नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करा. बारकोड नंतर बघू. आधी दाखल अंक म्हणजे रजिस्टरातला पुस्तकाचा नंबर, नाव, लेखक, कपाट नंबर एवढं साध्या एक्सेल शीटमध्ये भरलं तरी ताईंचं निम्मं काम हलकं होईल, आणि ते भरायला सुट्टीत कॉलेजची पोरं येतील, मी आणते.

फुकट काय काय आहे याची यादी तर आपल्या बोर्डावर कधीच लागली नाही. मराठी विश्वकोशाचे खंड आपण काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेत, ते सगळे नेटवर उघडे पडलेत, कुणीही वाचा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, बाजारात शोधून सापडणार नाहीत अशी. ई-साहित्य प्रतिष्ठानची मराठी ई-पुस्तकं आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, शाळा बदललेल्या पोराला जूनमध्ये पुस्तक मिळत नाही तेव्हा तेवढा धडा प्रिंट करून देता येतो. खरगपूरच्या आयआयटीने केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, नाव नोंदवायला पैसे नाहीत. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्याच साइटवर असताना आपली पोरं त्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे विकत आणतात. हे सगळं ज्याला माहितीये त्याला माहितीये. ज्याला नाही त्याला कुठे विचारायचं तेच माहीत नाही, आणि तो माणूस कियॉस्कच्या स्क्रीनवर बोट लावायला कधीच जाणार नाही, लाजतो तो.

एक माझ्या मनातली खास गोष्ट आहे, ती जरा सविस्तर सांगते. आपल्या गावात डोळ्यांनी अजिबात न दिसणारा एक मुलगा आहे, बारावी झालाय, पुढे शिकतोय. वाचनालयाच्या पायरीपर्यंत येतो, मित्र आत पेपर वाचतो आणि हा बाहेर बसतो. आपल्याकडे त्याला द्यायला काहीच नाही असं आपण धरून चाललोय. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी केलेलं, फुकट, स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतं, मराठीही बोलतं, आवाज जरा यंत्रासारखा आहे पण सवय होते. आणि सुगम्य पुस्तकालय म्हणून २०१६ पासून ऑनलाइन लायब्ररी आहे, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच, तिथे नाव नोंदवून दिलं की पुस्तकं डाउनलोड करता येतात. लागतं काय, तर तोच प्लास्टिकखालचा कॉम्प्युटर, एक हेडफोन आणि इंटरनेट. हेडफोन मी देते.

पैशाचं. मला कल्पना आहे अनुदान किती येतं आणि कधी येतं. १९६७ चा ग्रंथालय कायदा झाल्यापासून आपण अनुदानाच्या अ ब क ड वर्गांमध्ये अडकलोय. मध्यंतरी ६० टक्के वाढ झाली तरी ड वर्गातल्या वाचनालयाला ती ३० हजाराची ४८ हजार झाली, वर्षाला. आपण त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहोत, तरी अर्धं अनुदान पगारात आणि उरलेल्या अर्ध्यात पुस्तकं, पेपर, लाइटबिल सगळं. म्हणूनच कियॉस्कला नको म्हणतेय. कियॉस्क एकदा घेतला की त्याचा मेंटेनन्स दरवर्षी, आणि बंद पडला की त्यावर पण प्लास्टिक येणारच. साधनंच घ्यायची हौस असेल तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनेत ज्ञान कोपऱ्यासाठी अर्थसहाय्य असतं, त्याची जाहिरात ग्रंथालय संचालनालय काढतं, अर्ज जिल्हा कार्यालयात द्यायचा असतो, मुदत संपायच्या आत. मागच्या वेळी आपण दिला होता का? सभेत सांगा. वायफायसाठी पीएम-वाणी ही केंद्राची योजना आहे, त्यात छोट्या दुकानदारालाही लायसन न काढता वायफाय देता येतं, आपल्याला का नाही. पण ते पुढचं झालं. आज आपलं ब्रॉडबँड आहे, बिल आपण भरतोय, आणि त्याच्यावर कोण काय करतंय ते मी इथे लिहीत नाही, मॅचच्या दिवशी ऑफिसच्या खोलीतनं आवाज येतो तेवढा पुरे.

प्रिंटचे पैसे घ्या, फुकट नको. कागद आणि शाईचा खर्च निघेल एवढे घ्या, पावती फाडा. प्रिंट हवी असेल तर सभासद व्हायलाच पाहिजे असली अट मात्र घालू नका, कृपा करून. फॉर्म भरायला आलेली बाई पहिल्यांदा दारातून आत येते तेच मोठं आहे, पुस्तकाच्या रॅककडे तिचं लक्ष आपोआप जाईल किंवा नाही जाणार, ते तिच्यावर सोडा.

मागणी लेखी हवी असेल तर घ्या. सभेच्या विषयपत्रिकेत 'कियॉस्क खरेदी' च्या आधी 'वाचकांसाठी संगणक खुला करणे व सहाय्यक नेमणे' हा वेगळा विषय घाला, ऐनवेळच्या विषयात ढकलू नका, तिथे चहा येतो आणि सभा संपते. तीन महिने चालवून बघा, किती लोक आले त्याचा आकडा बोर्डावर लावा, कुणीच नाही आलं तर मीच कियॉस्कच्या बाजूने हात वर करीन. माझ्याबरोबर सही करायला तयार असलेल्या सभासदांची यादी ताईंकडे देऊन ठेवलीये. मंगळवारची संध्याकाळ माझी धरा, मी बसते. आणि हो, यूपीएसची बॅटरी गेलीये, लाइट गेली की कॉम्प्युटर लगेच बंद होतो, तेवढी बदलून घ्या, दुकानात विचारून ठेवलंय, जुनी दिली तर थोडे कमी करतो म्हणाला.

आपली,
वाचनालयाची एक सभासद